३४ हजार डॉलरवाला मेसेज आणि वॉल स्ट्रीटवर बसलेली माणसं

एक मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय, युरोप-अमेरिकेत कुठेही लोक रस्त्यावर उतरले की पुन्हा उगवतो. मजकूर साधारण असा: वर्षाला ३४ हजार डॉलर कमावणारा माणूस जगातल्या सगळ्यात श्रीमंत १ टक्क्यात मोडतो, म्हणजे २०११ साली न्यूयॉर्कमधे, बँका आणि शेअर बाजार असलेल्या वॉल स्ट्रीटपाशी, "आम्ही ९९ टक्के" म्हणत तंबू टाकून बसलेले ऑक्युपाय आंदोलनाचे लोक स्वतःच ते १ टक्के होते, जगात पोरं उपाशी झोपतात आणि यांची रड चाललीये, यांना खऱ्या गरिबीशी कधी काही देणंघेणं नव्हतं, आणि यांचं ऐकलं तर उलट गरीब देशांचंच वाटोळं होईल. परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत आला. टाकणारा माझा जुना रूममेट, हिंगणघाटचा, मनाने चांगला माणूस, आणि त्याला हे मनापासून पटलंय म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटलं. एकेक मुद्दा घेतो.

आधी तो आकडा. खोटा नाहीये, पण अर्धाच सांगितलाय. हा हिशोब ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाचा, वर्ल्ड बँकेत होते ते, आणि आकडे २००५ सालचे. त्यांनी एका माणसाचा पगार मोजलेला नाही, घरात टॅक्स जाऊन जे उरतं ते भागिले घरातली सगळी माणसं, तान्हं मूल धरून, असा तो हिशोब आहे. म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर टॅक्स भरून घरात १ लाख ३६ हजार डॉलर यायला पाहिजेत, तेव्हा ते घर जगातल्या १ टक्क्यात जाणार. २०११ मधे अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या घरांचं उत्पन्न टॅक्सच्या आधीच ५० हजार डॉलरच्या खाली होतं. पुढचं तर त्या मेसेजमधे येतच नाही, ते हे की त्याच हिशोबात जगातल्या वरच्या ६ कोटी लोकांपैकी २ कोटी ९० लाख अमेरिकेत राहत होते, आणि अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा ३० कोटींच्या आसपास. करा भागाकार. दहातले नऊ अमेरिकन त्या १ टक्क्यात नव्हतेच.

हां, एकटा राहणारा, ३४ हजार हातात पडणारा अमेरिकन पोरगा असेल तर तो बसतो त्यात, हे मान्य. आणि आपल्या बाजूचे काही लोक लगेच म्हणतात की तिकडे महागाई केवढी, इकडे रुपयात भागतं, तर तेही बरोबर नाही, कारण किमतींमधला फरक त्या हिशोबात आधीच धरलेला आहे. जगातली सगळ्यात मोठी दरी देशादेशांमधली आहे आणि माणूस कुठे जन्मला यावर त्याचं निम्म्याहून जास्त ठरतं, हे मिलानोविचच सांगतात आणि ते खरंय. मला त्या दरीबद्दल भांडायचंच नाहीये. त्या दरीचा वापर कोणाचं तोंड बंद करायला होतोय त्याबद्दल भांडायचंय.

कारण दुसरा मुद्दा तोच आहे ना, की तुमच्यापेक्षा वाईट हाल असलेली माणसं आहेत म्हणून तुम्ही गप्प बसा. १७ सप्टेंबर २०११ ला झुकोटी पार्कमधे जे बसले त्यांनी आम्ही जगातले सगळ्यात गरीब आहोत असं म्हटलेलंच नव्हतं. ते म्हणत होते की २००८ मधे बँका बुडाल्या तेव्हा सरकारने ७० हजार कोटी डॉलरची तरतूद करून त्यांना वाचवलं, आणि आमची लाखो घरं जप्त झाली, त्यात कित्येक जप्तीच्या कागदांवर बँकेच्या माणसाने न वाचताच सह्या ठोकल्या होत्या. हे सिद्धही झालं पुढे, २०१२ मधे पाच मोठ्या बँकांना ४९ राज्यांशी २,५०० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. त्याच सुमारास अमेरिकन संसदेच्या बजेट ऑफिसचा रिपोर्ट आला होता, १९७९ ते २००७ या काळात वरच्या १ टक्क्याचं टॅक्सनंतरचं उत्पन्न २७५ टक्के वाढलं आणि तळातल्या २० टक्क्यांचं १८ टक्के. तक्रार या वाटपाची होती. त्याला सोमालियातली भूक हे उत्तर कसं होईल? बँकेने खोट्या कागदावर कुणाचं घर घेतलं तर ते परत न दिल्याने सोमालियात कुणाच्या ताटात काय पडतं?

मला हे उत्तर जवळून माहितीये. सहा वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवलं, सुट्टीचे महिने बिनपगारी, आणि दोनदा मानधन वर्ष संपल्यावर एकदम मिळालं. विचारायला गेलं की ठरलेलं वाक्य, बाहेर बघा, पीएचड्या घेऊन पोरं घरी बसलीयेत, तुम्हाला तास तरी मिळतायत. माझं मानधन अडवून बाहेरच्या एकाही पोराला नोकरी लागली नाही.

तिसरा मुद्दा, यांना जगातल्या गरिबांशी कधी देणंघेणं नव्हतं. इथे मला जरा जास्त लिहावं लागेल कारण हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. वॉल स्ट्रीटवर लोक बसले ते काही २०११ मधे पहिल्यांदा नाही. मार्च १९८७ मधे अ‍ॅक्ट अप नावाच्या संघटनेचं पहिलं आंदोलन तिथेच झालं. एड्सने मित्र मरताना बघणारी, स्वतः आजारी असलेली माणसं होती ती. एड्सवरचं पहिलं औषध, एझेडटी, नुकतंच आलं होतं आणि वर्षाचा खर्च सुमारे १० हजार डॉलर. १९८९ मधे यातलेच काहीजण शेअर बाजाराच्या आत शिरले आणि स्वतःला गॅलरीला साखळीने बांधून घेतलं, काही दिवसांतच एझेडटी बनवणाऱ्या कंपनीने किंमत २० टक्के उतरवली. आता आपला मेसेज तेव्हा असता तर काय म्हणाला असता? आफ्रिकेत पॅरासिटामॉल मिळत नाही आणि हे अमेरिकन एझेडटीसाठी रडतायत. बरोबर? पण पुढे काय झालं बघा. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मधे स्वस्त औषधं आणता येतील असा कायदा केला, ३९ औषध कंपन्यांनी त्यावर कोर्टात केस टाकली आणि अमेरिकन सरकार कंपन्यांच्या बाजूने दबाव टाकत होतं. जून १९९९ मधे अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहत असल्याची घोषणा करायला स्वतःच्या गावी, टेनेसीतल्या कार्थेजला गेले, तेव्हा भर सभेत घोषणा देऊन त्यांना अडवणारे कोण होते? हेच अमेरिकन एड्स कार्यकर्ते, आणि घोषणा दक्षिण आफ्रिकेतल्या पेशंटसाठी होत्या. पुढच्या सभांमधेही ते पोचले. काही महिन्यांत अमेरिकेने तो दबाव मागे घेतला. फेब्रुवारी २००१ मधे आपल्या मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने एड्सवरच्या तीन औषधांचा पूर्ण कोर्स पेशंटमागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला, तोवर श्रीमंत देशांत त्यालाच १० हजार डॉलरच्या वर पडत होते. एप्रिलमधे कंपन्यांनी केस मागे घेतली. यात सगळ्यात मोठं काम दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनीच केलं हे नक्की, पण मुंबईची गोळी तिकडच्या पेशंटपर्यंत पोचायच्या वाटेत वॉशिंग्टनचा जो अडथळा होता तो हलवायला न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या माणसांनीही खांदा लावला होता, आणि औषधाची किंमत कशी ठरते, कुणाला जाब विचारायचा, हे ती माणसं आधी स्वतःच्या औषधासाठी भांडतानाच शिकली होती.

एकच उदाहरण नाहीये. मे १९९८ मधे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांची परिषद होती तेव्हा सुमारे ७० हजार लोकांनी हाताला हात धरून साखळी केली, मागणी एकच, गरीब देशांची कर्जं माफ करा. २००५ मधे १८ देशांची आंतरराष्ट्रीय संस्थांकडची जवळपास ४ हजार कोटी डॉलरची कर्जं माफ करायचं ठरलं, आणि त्यातल्या झांबियाने २००६ मधे खेड्यातल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद केली.

राहिला चौथा मुद्दा, यांचं ऐकलं तर गरीब देश बुडतील. यात थोडं तथ्य आहे आणि ते लपवायचं कारण नाही. १९९९ मधे अमेरिकेतल्या सिएटलला जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध जे हजारो लोक उतरले त्यात बाहेरून येणारं स्टील अडवा म्हणणाऱ्या युनियनही होत्या, आणि व्यापाराला कामगार कायद्यांच्या अटी जोडायला भारताने तिथे विरोध केला तो उगाच नाही, आपला माल अडवायला त्या अटी वापरतील ही भीती खरी होती. तेव्हा प्रत्येक आंदोलन आपल्या फायद्याचं असं मी म्हणणार नाही, मागणी बघून ठरवावं लागतं. पण ऑक्युपायचा मुख्य रोख बँकांना लगाम घाला यावर होता. त्या बँका बुडाल्या तेव्हा अमेरिकेत दागिन्यांची खरेदी थांबली आणि सुरतेत हिरे घासणाऱ्या लाखो कारागिरांची कामं गेली, २००८ च्या दिवाळीनंतर कित्येक कारखाने उघडलेच नाहीत. घर गेलेला अमेरिकन आणि काम गेलेला सुरतेचा कारागीर, दोघांनाही एकाच ठिकाणाहून फटका बसला होता.

आणि हिंगणघाटच्या माझ्या मित्राला एक विचारायचंय. अमेरिका आपल्या कापूसवाल्या बड्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं जी सबसिडी देत आली, तिने जगभरात कापसाचे भाव दाबले गेले, ब्राझील त्यावर जागतिक व्यापार संघटनेत लढला आणि २००४ मधे जिंकलाही. तुझ्या वडिलांनी जिनिंगच्या दारात गाडी लावून ज्या भावाला कापूस दिला त्या भावात त्या सबसिडीचाही हात होता. ती सबसिडी टिकवायला वॉशिंग्टनमधे कोण खेटे घालत होतं, तंबूत बसलेली पोरं का कापूसवाल्यांचे वकील? त्या वकिलांबद्दल कधी काही फॉरवर्ड आलंय का रे तुला?