लोहाराच्या सुरीचं कौतुक करा, पण थापा कशाला मारता?

सध्या इकडच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरतोय. सार असं की हातानं घडवलेली सुरी जितकी ठोकाल तितकं लोखंड दाट अन् मजबूत होतं, तिला जन्मभर धार लावावी लागत नाही, लोखंड शुद्ध म्हणून गंजत नाही, अंगावर लाटांची नक्षी असली की ती अस्सल, आणि फॅक्टरीचं स्टील म्हणजे नुसता पत्रा. मी स्वतः लोहाराकडचीच सुरी वापरतो, म्हणूनच डोकं फिरलं.

आधी ते ठोकून दाट व्हायचं बघू. पोलाद एका घन सेंटिमीटरला साधारण ७.८५ ग्रॅम भरतं, घण शंभर घाला का हजार, तेवढंच राहतं. जुन्या काळी भट्टीत काढलेल्या लोखंडात मळी राहायची, ती ठोकून बाहेर काढावी लागायची, तिथून ही समजूत आली असणार. आता आपला लोहार घेतो भंगारातला ट्रकचा कमानपाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, आणि तो पाटा बनतो कुठं तर फॅक्टरीतच! मग पत्रा कुणाला म्हणतेत हे लोक? घणानं आकार येतो, पातं पाठीकडून धारेकडं निमुळतं होत जातं, माल वाया जात नाही, आणि हे काम काही कमी नाही.

पण सुरी होते की बिघडते ते पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पातं एकदम बुडवून कडक करताना. पातं लालभडक झालं की चुंबक चिकटायचं बंद होतं, साधारण ७७० अंशाला, त्याच्या जरा वर नेऊन ते बुडवायचं. म्हणायला पाणी, पण कमानपाटा खरंच पाण्यात बुडवला तर तडकायची भीती, म्हणून जाणता माणूस तेल वापरतो, अन् तेही फक्त धारेची बाजू. मग पटकन दगडावर घासून चकचकीत करायचं आणि बघत बसायचं, पाठीत उरलेली धग धारेकडं सरकते, आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग निळा. सुरीला पिवळ्या-तपकिरीवरच थांबवायचं, निळी झाली की धार मऊ पडली. भट्टी सावलीत का असते ते आता कळलं असेल, उन्हात हे रंग दिसतच नाहीत. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही!

जन्मभर धार? बीडकडचे ऊसतोडवाले फडात कानस जवळ ठेवतेत ते काय हौस म्हणून? कोयता बोथट होतोच. लोहाराच्या मालाचा फायदा वेगळाय, घरच्या दगडावर चार हात मारले की धार परत येते, आणि लईच झिजला तर पुन्हा भट्टीत घालून शेवटून, म्हणजे झिजलेली धार ठोकून नवी करून, मिळतो.

गंज तर हमखास. न गंजणाऱ्या स्टीलात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, ते कमानपाट्यात कुठून येणार. कैरी कापून सुरी तशीच ठेवा अन् सकाळी बघा. पुसून खोबरेल लावायचं बास, करडईचं नको, ते वाळून चिकट बसतं.

राहिली नक्षी. खरं जुनं दमास्कस पोलाद, म्हणजे अंगावर अशी लाटांची नक्षी असलेलं, ते मुशीत वितळवून करायचे, आणि ते आपल्या शेजारीच व्हायचं बरं का, नांदेड ओलांडलं की निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम, तिथं माल घ्यायला इराणचे व्यापारी यायचे. आज ऑनलाईन मिळतं ते दोन जातीच्या पोलादाचे थर जोडून अ‍ॅसिडनं उठवलेलं डिझाईन, आणि काही ठिकाणी तर वर नुसती लेझरनं काढलेली नक्षी. दिसायला झकास, पण कांदा कापायला त्यानं काडीचा फरक पडत नाही.

घ्यायचीच असेल तर एवढंच बघा, पाटा जुना असल्यानं त्यात केसाएवढी चीर असू शकते, जास्त करून मधल्या बोल्टच्या भोकापाशी. तो तुकडा सोडून बाकीच्यातून सुरी करून मागा, लोहारदादा काही नाही म्हणत नाहीत.