सरकारी इतिहासकार कसे व्हावे?

मागच्या मंगळवारी फोन आला. "सर, उद्या अकराला नाशिकच्या सिंहस्थाच्या घाटकामांची बैठक आहे. इतिहासावर पाच मिनिटं बोला." गेलो. माझ्यापुढच्या पाटीवर 'इतीहासकार' असं लिहिलेलं. वर्कऑर्डर आधीच निघाली होती. तेव्हा या धंद्यातल्या होतकरूंसाठी चार अनुभवाचे बोल.

जाताना शालीसाठी पिशवी न्या.

जुने कागद घरीच ठेवा. मी १८८३ च्या नाशिक गॅझेटियरची झेरॉक्स नेली होती. साहेबांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

पुराचा विषय तर चुकूनही काढू नका. नकाशावर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या, विषय संपला. १९६९ चा पूर म्हणायचं नाही, २००८ चा म्हणायचं नाही. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की सराफ बाजार माल वर चढवतो, हे भांडीबाजारातल्या पोरालाही कळतं. सल्लागाराला कळत नाही, कारण तो पावसाळ्यात येतच नाही! मी एवढंच म्हणालो की हा नवा कट्टा पाण्याच्या वाटेत येतोय, पूर किती चढला ते कळायला लोक नारोशंकराच्या देवळाची घंटा का बघतात ते विचारा जरा. तर म्हणे, "सर, ते टेक्निकल आहे. तुम्ही पाटीसाठी चार ओळी द्या, रामायणातलं काहीतरी." गोदापात्रातल्या कुंडांत काँक्रीट ओतलं तेव्हाही टेक्निकलच होतं ना? मग ते काढा म्हणून लोकांना कोर्टाची पायरी का चढावी लागली?

जयंतीला पहिल्या रांगेत बसा.

चौथा की पाचवा मुद्दा राहिला, राहू दे. डोकं फिरलंय. २७ ऑगस्ट २००३ ला, सिंहस्थातच, सरदार चौकात ३९ माणसं चेंगरून मेली. नंतर आयोग बसला. त्याचा अहवाल हा इतिहासच आहे, बाबांनो! गल्ली किती रुंद, उतार कुठे, गर्दी कुठे तुंबते, हे जुन्या कागदांतून काढून देणारा माणूस आराखडा आखताना लागतो, नारळ फोडताना नाही. आणि साहेबांनो, गॅझेटियर काढणारा दर्शनिका विभाग तुमचाच, जुने कागद जपणारं पुराभिलेखागारही तुमचंच, तिथल्या लोकांना पगारही तुम्हीच देता. मग निविदा काढायच्या आधी त्यांना एक फोन करायला काय होतं? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि तुम्हाला पाटीवरचा मजकूर हवाय. लाज वाटू द्या थोडी. चार ओळी मिळणार नाहीत.