पिंगळ्याची ढोली बुजवू नका: फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की कोल्हापुरात सोसायट्यांच्या आणि तालमींच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रात्री दोन-तीन वाजता पक्षी ओरडतात, कारण फाइव्ह-जी टॉवरच्या लहरींनी त्यांची डोकी फिरली आहेत. ही भूकंपाची पूर्वसूचना आहे. आणि पिंगळा (छोटं घुबड) किंवा टिटवी घराजवळ बोलली तर घरात वाईट घडतं, म्हणून फटाके लावून त्यांना हुसकावा, ढोल्या बुजवून टाका. यातली पहिली दोन विधानं चुकीची आहेत. तिसऱ्याने पिल्लं मरतात, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी टॉवर. भारतात फाइव्ह-जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ रोजी. कोकीळ त्याच्या पिढ्यान् पिढ्या आधीपासून पहाटे तीनला ओरडतोय. मंगळवार पेठेतल्या कुठल्याही आजीला विचारा. विणीच्या दिवसांत नर कोकीळ रात्र बघत नाही. पावशाही तसाच. ‘पेर्ते व्हा’ ही त्याची साद करवीर-पन्हाळ्याच्या शेतकऱ्यांनी चांदण्या रात्री किती वेळा ऐकली असेल! पिंगळा, गव्हाणी घुबड, रातवा, रातबगळा हे तर रात्रीचेच रहिवासी. रंकाळ्यावरून रात्री ‘क्वाक’ करत जातो तो रातबगळा.

टॉवरचा हा आरोप पूर्वीही झालाय. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या हेग शहरात एका बागेत शेकडो पक्षी मरून पडले आणि फाइव्ह-जीच्या चाचणीने मेले, अशी बातमी जगभर पसरली. प्रत्यक्षात चाचणी झाली होती जूनमध्ये, पक्षी मेले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लहरींचा पक्ष्यांवर काहीच परिणाम नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात स्थलांतर करणाऱ्या रॉबिन पक्ष्याला चुंबकीय दिशा कळेनाशी होते. पण त्या लहरी ५ मेगाहर्ट्झच्या खालच्या, म्हणजे एएम रेडिओच्या टापूतल्या. मोबाईलच्या लहरी शेकडो-हजारो मेगाहर्ट्झच्या असतात. आणि तो प्रयोग दिशा ओळखण्याचा होता, रात्री गाण्याचा नव्हे.

तरीही ‘हल्ली रात्री पक्षी जास्तच ओरडतात’ असं कुणी म्हणालं तर मी त्याला खोटं ठरवणार नाही. दयाळ हा दिवसाचा पक्षी. तो रात्री दिव्याच्या खांबाजवळ बसून शीळ घालतो, त्याला कारण आहे आणि ते आपण स्वतः लावून ठेवलंय: उजेड. पक्ष्याला दिवस-रात्र फक्त डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून झिरपणारा प्रकाश त्याच्या मेंदूतल्या पेशी थेट टिपतात. अंधार पडला की मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, वाढतं, उजेड राहिला की ते दबतं. पौर्णिमेचा उजेड फार तर ०.३ लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो. जर्मनीतल्या एका प्रयोगात काळ्या कस्तुर पक्ष्यांना रात्री एवढाच मंद प्रकाश दिला, तर त्यांची विणीची तयारी जवळपास महिनाभर आधी झाली. आपल्या रस्त्यावरच्या दिव्याखाली त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. मग त्या झाडावरच्या पक्ष्याने रात्र झाली हे ओळखायचं कशावरून?

२०२५ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरच्या ध्वनिमुद्रणांवरून ५८० हून अधिक जातींचे आवाज तपासले. सर्वांत उजळ भागांत पक्ष्यांचा दिवस सरासरी ५० मिनिटांनी लांबला होता. मोठ्या डोळ्यांच्या आणि उघड्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर हा परिणाम जास्त दिसला.

दुसरं कारण गोंगाट. इंग्लंडच्या शेफील्ड शहरात २००७ मध्ये असं आढळलं की रॉबिन रात्री गातात ती ठिकाणं बहुधा दिवसा जास्त गोंगाटाची असतात. तिथे उजेडापेक्षा गोंगाटाचा संबंध जास्त ठळक निघाला. गाणं म्हणजे हद्द राखणं आणि जोडीदार मिळवणं. ते ऐकूच गेलं नाही तर व्यर्थ. दयाळ रॉबिनच्याच कुळातला. दिवसभर ताराराणी चौकात हॉर्न वाजत असतील तर त्याने शांत वेळ शोधावी, यात मला तरी वेडेपण दिसत नाही.

भूकंपाबद्दल फार लिहावं असं काही नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटे झाला, त्याची भीती आपल्या भागात अजून आहे, ते समजू शकतो. पण कोकीळ दरवर्षी त्याच महिन्यांत ओरडतो आणि भूकंप असा हंगाम पाळत नाहीत. भूकंपाची वेळ आधी सांगणारी खात्रीची पद्धत आज जगात कुणाकडेच नाही.

आता अपशकुन. टिटवी जमिनीवर, उघड्या माळावर अंडी घालते. कुत्रं, मुंगूस किंवा माणूस जवळ आला की ती जिवाच्या आकांताने ओरडते. रात्री मोकाट कुत्री फिरतात म्हणून रात्रीही ओरडते. तिची हाक तिच्या अंड्यांसाठी असते, आपल्या घराशी तिचा काही संबंध नाही. पिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत जोडीने राहतो, किडे आणि उंदीर खातो. कोल्हापुरात असे वाडे आणि अशी झाडं कमी होत चालली आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला ढोलीत पिल्लं असतात. अशा वेळी ढोली बुजवली की ती आतच मरतात. घुबडांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, त्यामुळे हा गुन्हाही ठरतो.

झोपमोड होत असेल तर गच्चीवरचा फ्लडलाइट अकरानंतर बंद करा. गेटवरचा दिवा झाडाकडे न वळवता खाली वळवा, पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब लावा. फांद्या छाटायच्या असतील तर आधी ढोलीत बघून घ्या. पिंगळ्याचं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर कुत्र्यांपासून आडोशाला ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.