लघवी ॲसिडिक आली म्हणजे किडनी बिघडली? अजिबात नाही

गेल्या महिन्याभरात एकच फॉरवर्ड मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरनं आलाय. त्यात म्हटलंय की लघवीचा पीएच ७ च्या खाली आला म्हणजे अंगात आम्ल साठलंय, त्या आम्लामुळे किडनीच्या पेशींची दारं बंद होतात, मग फॉस्फेट बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि किडनी निकामी होते. उपाय काय तर सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा खाण्याचा सोडा पाण्यातून घ्या, किंवा अल्कलाइन पाणी प्या.

मी नर्सिंगच्या मुलींना फिजिऑलॉजी शिकवते. असले मेसेज मी एरवी सोडून देते, पण यावेळी माझ्या मावशीने हे खरंच सुरू केलं. तिच्याकडे गेले तर ती बाथरूममधनं पीएचची पट्टी हातात धरून बाहेर आली, "अगं बघ, पिवळी आली, किती ॲसिड झालंय बघ माझ्या अंगात". मी पट्टी बघायच्या आधी तिचे पाय बघितले, चपलेचा पट्टा पावलात रुतून बसला होता आणि बोट दाबलं तिथे खड्डा तसाच राहत होता. मावशीला बीपी आहे, क्रिएटिनिन १.६, म्हणजे किडनी आधीच थोडी कमी काम करतेय. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, लांब झालं तरी वाचा.

पहिलं म्हणजे लघवी आम्लधर्मी, मग रक्तही आम्लधर्मी, हे चूक आहे. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात असतो आणि तो तसा राहावा म्हणूनच लघवीचा पीएच ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही जाऊ शकतो. डाळ, दूध, अंडी, मटण यातल्या प्रोटीनमधनं रोज आम्ल तयार होतं, वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलीइक्विव्हॅलंट (आम्ल मोजायचं एकक), म्हणजे ७० किलोच्या माणसात ७० च्या आसपास. ते बाहेर टाकणं हे किडनीचंच काम. म्हणजे सकाळची पट्टी पिवळी आली तर किडनीने रात्रभर काम केलंय असा अर्थ होतो. आणि छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, ती पोटातली ॲसिडिटी, तिचा इथे काही संबंध नाही, लोक या दोन गोष्टी सारख्या एकत्र करतात.

आता मुख्य मुद्दा, आम्लामुळे पेशींची दारं बंद होतात आणि फॉस्फेट अडकतं हा. यातला पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे आणि गंमत म्हणजे त्यामुळेच दुसरा अर्धा खोटा ठरतो. कारण ही दारं कुठल्या दिशेला उघडतात ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बघितलेलंच नाही. किडनी आधी रक्त गाळते, त्या गाळलेल्या पाण्यात फॉस्फेटही उतरतं, आणि मग ते पाणी ज्या बारीक नळीतनं पुढे जातं तिच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी त्यातलं ८० ते ९० टक्के फॉस्फेट परत आत ओढून घेतात. हे ओढायचं काम पेशीच्या पडद्यातली वाहक प्रोटीनं करतात, त्यातलं मुख्य म्हणजे एनए-पीआय-टू-ए, जे सोडियमचे ३ आयन आणि फॉस्फेटचा १ असं एकत्र आत घेतं. हे दार फॉस्फेट शरीरात परत आणणारं आहे. ते बंद झालं तर फॉस्फेट रक्तात साठणार नाही, उलट लघवीतनं जास्त निघून जाईल.

आणि आम्लाने होतं ते नेमकं हेच. १९७० च्या दशकात उंदराच्या किडनीतला पडदा वेगळा काढून त्याच्या बारीक बारीक पिशव्या करून, किरणोत्सारी फॉस्फेट आत किती जातं ते मोजायला सुरुवात झाली. बाहेरचा पीएच उतरवला की सोडियमबरोबर आत जाणारं फॉस्फेट कमी होतं, हे अशाच प्रयोगांतून दिसलं. पुढे १९९३ मध्ये झ्युरिकच्या हाइनी मुरर यांच्या गटाने या वाहकाचं जनुक शोधलं, मग बेडकाच्या अंड्यात ते प्रोटीन बनवून घेऊन हीच गोष्ट थेट तपासता आली. कारणं दोन. हा वाहक फॉस्फेटचं दोन ऋणभार असलेलं रूप उचलतो, ते पीएच ७.४ ला दर पाचात चार असतं, पण ६.८ ला निम्म्यावर येतं आणि त्याखाली झपाट्याने घटतं. दुसरं म्हणजे जास्तीचे हायड्रोजन आयन (आम्ल म्हणजे मुळात हेच) सोडियमच्या जागेसाठी भांडतात, त्यामुळे वाहकाची फेरीच मंदावते.

बरं, हे किडनीच्या फायद्याचं का? कारण सुटे हायड्रोजन आयन लघवीत मावतच नाहीत. पीएच अगदी ४.५ झाला तरी १ लिटर लघवीत ते फक्त ०.०३ मिलीइक्विव्हॅलंट असतात, आणि आपल्याला बाहेर टाकायचेत ७०! मग ते कशावर तरी लादूनच पाठवावे लागतात, काही फॉस्फेटवर आणि बरेचसे अमोनियावर. आम्ल वाढलं की परत ओढलं जाणारं फॉस्फेट कमी, म्हणून नळीत उरलेलं जास्त, आणि तेच आम्ल घेऊन बाहेर जातं. मी वर्गात हे शिकवते तेव्हा दरवर्षी मला नव्याने आवडतं. दीर्घकाळ आम्ल राहिलं तर वाहकांची संख्या घटते का, यात मात्र उंदरांच्या जातीजातीत फरक दिसलाय, मोठ्या उंदरात घट दिसली, छोट्यात तशी नाही, फॉस्फेट मात्र दोन्हीकडे लघवीतनं जास्तच गेलं.

मग किडनीच्या पेशंटचं फॉस्फेट वाढतं ते कशाने? चालू गाळण्याच कमी उरतात म्हणून. फॉस्फेट गाळलंच कमी जातं आणि उरलेल्या गाळण्या कितीही झटल्या तरी पुरत नाहीत. पीटीएच आणि एफजीएफ-२३ ही हार्मोन्स वाहक कमी करून फॉस्फेट बाहेर काढायला आधीच जोर लावत असतात. तिथे सोडा घेऊन नव्या गाळण्या येत नाहीत. त्यापेक्षा प्रोसेस्ड चीज, पॅकेटातलं मटण-चिकन, काळं कोल्ड्रिंक यातलं वरनं घातलेलं फॉस्फेट टाळलं तर उपयोग होतो, कारण ते जवळजवळ सगळं शोषलं जातं, डाळीतलं तेवढं नाही.

सोडा डॉक्टरसुद्धा देतातच की, असं कुणी म्हणेल. देतात. किडनीच्या आजारात रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार, खरंच उतरलं तर सोडाबायकार्बच्या गोळ्या देतात, कारण तसं आम्ल हाडं आणि स्नायू झिजवतं. पण ते रक्ताचा रिपोर्ट बघून, मोजून, बीपी आणि सूज सांभाळून, कारण सोड्यातल्या सोडियमने दोन्ही वाढू शकतात. एका सपाट चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, दोन चमचे म्हणजे अडीच, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून २ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. शिवाय लघवी सतत अल्कलाइन ठेवली तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे व्हायला मदतच होते.

अल्कलाइन पाण्याबद्दल एवढंच, पोटातल्या आम्लापुढे ते टिकत नाही, पैसे वाचवा.

मावशीचा सोडा त्याच दिवशी बंद केला आणि तिला डॉक्टरकडे नेलं. आठवड्याभरात पाय उतरले, चप्पल नीट बसायला लागली. रक्तातलं बायकार्बोनेट तपासलं तर २४, एकदम नॉर्मल, म्हणजे सोड्याची गरज तिला मुळातच नव्हती. पट्टी अजून सकाळी पिवळीच येते.