दीड तासात पॅरिस!

'दीड तासात पॅरिस!' असं मी परवा सकाळी मिलानच्या घरातून निघताना नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, तिथंच माती खाल्ली.

विमान होतं मिलानजवळच्या बेर्गामोहून पॅरिसजवळच्या बोव्हेला, हवाई अंतर साधारण 705 किलोमीटर. इंटरनेटवरची अंतर काढणारी यंत्रं सरळ रेषा ओढतात, ताशी आठशेनं भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकतात. रेषा सुंदरच असते, थेट स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊ शिखराच्या आसपासून जाते. फक्त त्या रेषेच्या दोन्ही टोकांना माणूस राहत नाही. बेर्गामोचा विमानतळ मिलानपासून बसनं तासभर. आणि बोव्हे पॅरिसपासून 85 किलोमीटर! म्हणजे लोणावळ्याला धावपट्टी बांधायची आणि पाटीवर 'मुंबई' लिहायचं. वर बॅगेचे पैसे तिकिटाच्या दुप्पट. ते जाऊ दे. जाऊ दे कसलं, अजून डोक्यात आहे.

तर बोव्हेहून पॅरिसच्या बसमध्ये शेजारी एक काका येऊन बसले. माझ्या फोनवरचं मराठी त्यांनी खुशाल वाचलं.

"कुठून येऊन राहिले भाऊ?"

"मिलानहून. सातशे किलोमीटर, दीड तासात."

"सातशे? म्हणजे आपली समृद्धी! 701. नागपूर-मुंबई आठ तास. घरून किती वाजता निघाले?"

मी गप्प. काकांनी बोटं उघडली. "घरून बसपर्यंत अर्धा. बस एक. विमानतळावर किती बसले? दोन? काहून?"

"लवकर या म्हणतात."

"आणि तुम्ही गेले! बरं, साडेतीन. विमान दीड, पाच. उतरून या बसपर्यंत पाऊण. बस सव्वा, सात झाले. पुढं मेट्रो?"

"पाऊण तास," मी पुटपुटलो.

"पावणेआठ! पंधरा मिनिटं वाचली भाऊ तुमची." त्यांनी पिशवीतून चिवडा काढला. "समृद्धीवर आम्ही वाटेत जेवतो बी. तुम्हाला विमानात काय दिलं?"

"विकत होतं."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की लगोलग चिवड्याची मूठ पुढं आली. मी ती घेतली. भूक लागली होती, त्याला काय करणार?

"आमचा जावई तर म्हणते, मिलानहून थेट रेल्वे आहे. सात तासांत पॅरिसच्या मधोमध," काका चावता चावता म्हणाले. हे मलाही ठाऊक होतं. पण रेल्वेचं तिकीट महाग होतं, म्हणजे बॅगेचे पैसे कळेपर्यंत महाग होतं. एवढं सगळं चिवड्याच्या तोंडानं त्या माणसाला कुठं समजावत बसायचं?

तेवढ्यात मामीचा फोन. आवाज सगळ्या बसला ऐकू जाईल असा. "दीड तासात येणार होतास ना रे? भजी गार झाली!"

मी तोंडातला चिवडा गिळेपर्यंत काका खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, "सांगा त्यांना, समृद्धीवर हाय."