मेडिकलवालीनं डॉक्टरला शिकवलं तर काय बिघडलं?

आज मिरजेत आत्तींना घेऊन ओपीडीत गेले होते. घरी येऊन चहा झाला तरी डोकं तापलेलंच आहे.

आत्तींची हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन कायमची. आज गुडघे दाखवले तर एका तरुण डॉक्टरांनी दुखण्यावरची डायक्लोफेनॅक लिहून दिली. मेडिकलमधल्या मुलीनं आधीच्या गोळ्या विचारल्या आणि हात आखडला. "काकू, दोन्ही एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, एकदा विचारून या." चिठ्ठीच्या मागे दोन ओळीही लिहून दिल्या. डॉक्टरांनी त्या वाचल्यासुद्धा नाहीत. "आता मेडिकलवाली मला शिकवणार?"

अहो, शिकवू दे की! आत्तींचं पोट वाचत असेल तर वॉचमननं शिकवलं तरी चालेल मला.

गोळी बदलली, पण कशी? तिथल्या वयस्कर सिस्टरनी दाराआड जाऊन हळूच मोठ्या मॅडमना फोन लावला म्हणून. बरोबर बोलायचं आणि तेही चोरून!

त्या पोरावर तरी किती चिडायचं. रात्रभर ड्यूटी करून बसला असेल, आणि शेवटी सही त्याचीच, हेही मान्य. पण त्याला सांगितलं कुणी की ती मुलगी औषधंच शिकून आलीय? त्याचा अभ्यासक्रम मेडिकल कमिशन ठरवतं, सिस्टरांचा नर्सिंग कौन्सिल, फार्मसीचा फार्मसी कौन्सिल. फिजिओ, लॅबवाल्यांसाठी २०२१ च्या कायद्यानं आणखी एक कमिशन. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात डॉक्टर, नर्सिंग, फिजिओ सगळे आहेत, पण डी.फार्मची, म्हणजे फार्मसी डिप्लोमाची, परीक्षा घेतं तंत्रशिक्षण मंडळ! शिकताना एकमेकांचं तोंड बघायचं नाही आणि नोकरीला लागल्यावर एकाच पेशंटभोवती उभं राहायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्येच सांगून ठेवलंय की या मुलांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून शिकावं. इंटरप्रोफेशनल एज्युकेशन म्हणतात त्याला. आणि आपण? मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला इथं दवाखाना काढला तेव्हापासून मिरजेला लोक कर्नाटकातून उपचाराला येतात. सांगली-मिरजेत कॉलेजांना काय तोटा आहे? एमबीबीएसच्या पोरांना सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतोच, तिथूनच डॉक्टर, नर्सिंग, फार्मसी, फिजिओ अशा चौघांना एका टेबलावर बसवा. हॉलमध्ये कोंबून भाषण नको, पाहुण्यांना शाल-श्रीफळ तर मुळीच नको. आत्तींसारख्या पेशंटची एक फाइल द्या आणि सांगा, काय खटकतंय ते आधी फार्मसीच्या मुलीनं बोलायचं, मग नर्सिंगच्या, डॉक्टरनं शेवटी. त्याला प्रश्न विचारायचे मार्क द्या, उत्तरांचे नकोत.

हो, काही मेडिकलवाले स्वतःच डॉक्टर होऊन गोळ्या वाटतात, मीही बघितलंय. त्यांनाही त्याच टेबलावर बसवा, कुठं थांबायचं ते कळेल.

आणि "ताई, आयुर्वेदवाल्यांचं काय?" असं कमेंटमध्ये विचारणार असाल तर त्यांचीही खुर्ची मांडा. आत्ती काढेही घेतात, आणि ते आज त्यांना एकानंही विचारलं नाही.