पॅराबेन गेलं, पण त्याच्या जागी काय आलं?
क्रीम-लोशनमधल्या रसायनांवरचा तुमचा लेख आवडला, पण सगळं खापर एकट्या पॅराबेनवर (क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात ते रसायन) फोडलंय ते पटलं नाही. क्रीममध्ये पाणी असलं की बुरशी, जिवाणू वाढणारच; ते रोखायला काहीतरी घालावंच लागतं. 'पॅराबेन-फ्री'च्या लाटेत बऱ्याच ठिकाणी त्याच कामाचं मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं (नाव वाचतानाच दम लागतो!) आणि त्याच्या ॲलर्जीने इतके लोक बेजार झाले, की युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये त्यावर बंदी घातली. धुऊन टाकायच्या शाम्पूत मात्र ०.००१५ टक्क्यांपर्यंत चालतं. मलाही एकदा ओल्या वाइप्सनी महिनाभर खाजवत बसवलं होतं. आणि लेबलवरच्या 'परफ्यूम' या एका शब्दाआड कितीतरी रसायनं दडलेली असतात, त्याबद्दल लेखात अवाक्षरही नाही?